काटा हिरव्यात, आणि सिलिंडर फुस्स

वाचकाचं पत्र

भाऊ, नमस्कार.
धरणगावजवळ आमची लहान जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, बारा डबल रोलर मशीनचा. हिशेब आणि कागदपत्रं मी बघते. मागच्या महिन्यात भर दुपारी कापसाच्या गंजीला आग लागली. भिंतीवरचं लाल सिलिंडर काढलं तर नुसती हवा निघाली आणि चिमूटभर पावडर. दाबाचा काटा मात्र हिरव्यात होता, अडकवलेलं तपासणीचं कार्डही नवं होतं. दुसरं सिलिंडर चांगलं चाललं, आग विझली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि अडीच तासांनी तीच गंजी पुन्हा पेटली. पाण्याच्या टँकरमुळे वाचलो. तेव्हापासून सासरे, म्हणजे आबा, म्हणतात, "काय कामना शेतस ह्या डबा?" सहाच्या सहा भंगारात द्या म्हणतात. दरवर्षी एक माणूस येतो, फडक्याने पुसतो, नवं कार्ड अडकवतो आणि पैसे घेऊन जातो. आता तोच म्हणतो, पत्र्याखाली आपोआप फुटणारे सिलिंडर लावून घ्या, मग बघायलाच नको. या सिलिंडरांना काही मानक वगैरे असतं का? आम्ही काय करावं?
– एक भगिनी, धरणगाव तालुका

ताई,

आबांचं निम्मं खरं आहे. पहिलं सिलिंडर त्या दिवशी डबाच होतं. दुसऱ्याने मात्र आपलं काम चोख केलं. तरी आग पुन्हा उठली, कारण तो गडी मुळात त्या कामाचा नव्हता. तुमच्याकडे एकाच दुपारी दोन वेगळ्या चुका उघड्या पडल्या, एक देखभालीची आणि एक निवडीची. माझ्या मते निवडीची मोठी, म्हणून आधी तीच.

तुमची सहाही सिलिंडरं सहा किलोच्या एबीसी पावडरची असणार. आपल्याकडे कुठेही जा, शाळा, दवाखाना, पेढी, तेच लटकलेलं दिसतं. एबीसी म्हणजे आगीचे वर्ग: ए म्हणजे लाकूड, कागद, कापड, कापूस, बी म्हणजे डिझेल, ऑइल, सी म्हणजे गॅस. आतली पिवळसर पावडर मोनो अमोनियम फॉस्फेटची असते. ती जळत्या वस्तूवर पडली की उष्णतेने वितळते आणि वर चिकट थर धरते, हवा तुटते, ज्वाळा बसतात. लाकडी टेबलाला, कागदाच्या गठ्ठ्याला हे उत्तम. पण कापसाची गंजी म्हणजे टेबल नव्हे. चुलीतली गोवरी आठवा. वरून राख झालेली, थंड वाटते, आणि काडीने फोडली की आत लालबुंद. कापूसही तसाच धुमसतो. त्याच्या धाग्याधाग्यात हवा अडकलेली असते, तेवढ्यावर निखारा आत आत सरकत राहतो. पावडर वरच्या वर बसते, आतल्या निखाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. अडीच तास म्हणजे काहीच नाही. रुई दाबून तिची गाठ बांधताना आत एखादी ठिणगी राहून गेली, तर ती गाठ कित्येक दिवसांनी पेट घेऊ शकते. शिवाय जवळून मारलेली पावडर जोरात येते आणि मोकळा जळता कापूस उडवून शेजारच्या ढिगावर नेऊन टाकते.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं. त्यात कराचीहून आलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात स्फोटकंही होती. दुपारी कापसाच्या खणातून धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले, पण निखारा नेमका कुठे आहे ते सापडेना. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही १४ एप्रिलपासूनचा आठवडा अग्निशमन सप्ताह म्हणून पाळतात तो त्यांच्या आठवणीत. तुमच्याकडे स्फोटकं नाहीत, पण कापूस तोच आहे.

तेव्हा कापसाला पाणीच लागतं. गंजीच्या बाजूला नऊ लिटरची पाण्याची सिलिंडरं ठेवा आणि जोडीला पाण्याची टाकी, पंप आणि शेडच्या टोकापर्यंत पोहोचेल असा पाइप. पावडरने ज्वाळा पाडायला हरकत नाही, पण लगेच मागून पाणी मारा. आणि पाणी मारून थांबू नका. गंजी फोडा, जळलेला भाग ओढून उघड्यावर, चांगल्या मालापासून लांब न्या, पसरवा, भिजवा. एक माणूस रात्रभर तिथे बसवा. त्या दिवशी बांधलेल्या गाठीही गोदामात इतर गाठींत रचू नका, वेगळ्या ठेवून आठवडाभर तरी नजर ठेवा.

आणखी एक खुबी आहे, शेतकऱ्याच्या घरात सांगायला सोपी. कच्च्या कापसावर मेणासारखा थर असतो, म्हणून साधं पाणी त्यावरून मोत्यासारखं ओघळतं. फवारणी करताना पानावर औषध बसावं म्हणून आपण स्टिकर टाकतो ना, तेच तत्त्व इथे. टाकीतून वेगळ्या पिंपात घेतलेल्या पाण्यात थोडी कपडे धुण्याची पावडर मिसळली तर पाणी आत झिरपतं. मात्र शेतातला जुना फवारणी पंप यासाठी आणू नका. त्यात तणनाशकाचा अंश असतो, तो रुईत जायला नको. आणि सिलिंडरमध्ये आपल्या मनाने काही मिसळू नका, आतून गंज धरतो.

पाणी कुठे चालणार नाही, तेही सांगतो. चालू वीज असलेल्या पॅनलवर आणि मोटरवर. तिथे कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर हवं, ते काळं भोंगं असलेलं. पावडरमधूनही वीज अंगावर येत नाही, पण ती पावडर नंतर पॅनलच्या तांब्याला खाते. आग विझली आणि पॅनल गेलं असं होतं. कार्बन डायऑक्साइड मारताना भोंग्याला हात लावायचा नाही, ते बर्फासारखं गार होतं आणि कातडी चिकटते. आणि दार बंद खोलीत मारून आत थांबायचं नाही, गुदमरायला होतं.

आता फुस्स झालेल्याकडे येऊ.

काटा हिरव्यात असणं म्हणजे आत दाब आहे, एवढंच. पावडर मोकळी आहे का आणि नळी उघडी आहे का, हे काटा सांगत नाही. भिंतीवर वर्षानुवर्षं लटकलेल्या सिलिंडरमध्ये पावडर खाली बसून घट्ट होते. जिनिंगमध्ये तर मशीनच्या थरथराटाने भिंत दिवसभर हलत असते, म्हणजे पिठाचा डबा ठोकून ठोकून भरल्यासारखं. मग दांडी दाबली की गॅस पावडरीच्या कडेने वाट काढून निघून जातो आणि पावडर तळाशी तशीच राहते.

दुसरी शक्यता मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली आहे. एका तेल गिरणीत बरीच वर्षं सुरक्षेचं काम माझ्याकडे होतं. एका उन्हाळ्यात तपासणी करताना एका सिलिंडरची नळी हातात घेतली, नोजलमध्ये बोट घातलं, तर बोट जाईना. टॉर्च मारून बघितलं तर आत विटेसारखी पक्की माती. खिळ्याने खरवडली, भुरभुर माती पडली आणि मागून तीन-चार मेलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर. तिला असं बोटभर रुंद, कोरडं, कुणी हात न लावणारं भोक हवंच असतं. त्या सिलिंडरवर दोनच महिन्यांपूर्वीची तारीख असलेलं, सही-शिक्क्याचं कार्ड लटकत होतं. मी स्वतः त्या कार्डाची वहीत नोंद केलेली होती, म्हणून इतरांना बोलायला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून माझी सवय: आधी नोजल, मग काटा, कार्ड सगळ्यात शेवटी.

तिसरी शक्यता अशी की सिलिंडर पूर्वी कधी तरी "बघू चालतं का" म्हणून एक सेकंद दाबलं गेलं असेल. पावडरीचे कण वॉल्वच्या बसण्याच्या जागी अडकतात आणि मग गॅस हळूहळू गळत राहतो. पण तुमचा काटा हिरव्यात होता, म्हणून हे कमी शक्य वाटतं. एकदा थोडंही मारलेलं सिलिंडर पुन्हा भरूनच भिंतीवर गेलं पाहिजे, हे मात्र कामगारांना सांगून ठेवा.

मानकांचं विचारलंत. आहेत, आणि चांगली आहेत. हाताने उचलायच्या सिलिंडरचं भारतीय मानक आयएस १५६८३. चाकांच्या मोठ्या सिलिंडरचं आयएस १६०१८. आणि कुठे काय लावावं, कसं सांभाळावं, कधी तपासावं, हे सांगणारं आयएस २१९०. सिलिंडरवर आयएसआय चिन्ह बघा. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं चिन्ह छापायला कुणालाही दहा रुपयांचा स्टिकर पुरतो. तो परवाना क्रमांक मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. परवाना कुणाचा, कशाचा आणि चालू आहे की नाही, ते तिथल्या तिथे दिसतं. सिलिंडरवर एक कंपनी आणि अ‍ॅपवर दुसरी, असं निघालं तर विकणाऱ्याला फोन करायच्या आधी फोटो काढून ठेवा.

आयएस २१९० मधल्या चार गोष्टी तुमच्या उपयोगाच्या. माणसाला सिलिंडर गाठायला १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. सिलिंडरचा तळ जमिनीपासून ७५० मिलिमीटरवर असावा, म्हणजे साधारण कमरेच्या खाली. आपल्याकडे मुलं हात लावतात म्हणून डोक्याच्या वर टांगतात. भरलेलं सहा किलोचं सिलिंडर नऊ-दहा किलो भरतं, सरकी वेचणाऱ्या बायकांनी ते घाईत कसं उतरवायचं? तिसरी गोष्ट हायड्रो टेस्ट. सिलिंडरात पाणी भरून ठरलेला दाब देतात आणि पत्रा तग धरतो का बघतात. हवेने का नाही? हवा दाबली जाते, पत्रा फाटला तर बॉम्ब होतो. पाणी दाबलं जात नाही, फाटलं तर नुसतं सांडतं. पावडर आणि पाण्याच्या सिलिंडरला ही चाचणी दर ३ वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दर ५ वर्षांनी. आणि चौथी गोष्ट वय. पावडर आणि पाण्याचं सिलिंडर १० वर्षं, कार्बन डायऑक्साइडचं १५. बनवल्याचं वर्ष पत्र्यावर असतं. तुमच्या सहापैकी दहा वर्षांपुढची जी असतील ती आबांच्या म्हणण्याप्रमाणे खुशाल भंगारात द्या, पण आधी रिकामी करून आणि वॉल्व काढून घेऊन.

दर महिन्याची तपासणी मात्र त्या फडकेवाल्यावर सोडू नका. ती तुमची. एक तारखेला पगाराचं रजिस्टर उघडता, त्याच दिवशी करा. सहा सिलिंडरांना अर्धा तासही लागत नाही. नोजलमध्ये बोट, पिन सहज फिरते का (कुणीतरी जाड तारेने बांधून ठेवलेली असते, हमखास), सील शाबूत आहे का, नळीला तडा आहे का, तळाला गंज आहे का, काटा कुठे आहे. मग पावडरचं सिलिंडर काढून उपडं करा आणि कानाजवळ धरून हळू हलवा. आत पीठ सरकल्यासारखं वाटलं पाहिजे. काहीच सरकलं नाही, तर ते मेकॅनिककडे.

आणि वजन. तुमच्याकडे वजनकाटा आहे, हे भाग्य. कापूस घेताना एक एक किलोवर भांडता आणि सिलिंडर कुणी कधी काट्यावर ठेवत नाही! पावडरच्या सिलिंडरवर भरलेलं एकूण वजन लिहिलेलं असतं, ते जुळवून बघा. पण ट्रॅक्टरच्या मोठ्या काट्यावर नको, किराणा दुकानासारखा लहान काटा घ्या, ग्रॅम कळले पाहिजेत. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटा-घड्याळ नसतंच, वजन हीच त्याची नाडी. रिकाम्या सिलिंडरचं वजन मानेवर ठोकलेलं असतं. आतला गॅस दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला तर भरून घ्यायचा; साडेचार किलोच्या सिलिंडरात साडेचारशे ग्रॅमच्या वर घट दिसली की काढा. काही मेकॅनिक ते हलवून "आत माल आहे, आवाज येतो" सांगतात. हिवाळ्यात ठीक आहे. पण ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही, दाब कितीही असो. आपल्या जळगाव-भुसावळच्या चव्वेचाळीस अंशांत पूर्ण भरलेलंही गप्प आणि रिकामंही गप्प. त्याच कारणाने ते उन्हात, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. गॅस तापला की आतला दाब फार चढतो.

वर्षाची सर्व्हिस, रिफिल आणि हायड्रो टेस्ट बाहेरच्या माणसाकडूनच. पण कोणत्या? महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, सादर करायचं असतं. त्याला नमुना बी म्हणतात, आणि ते महाराष्ट्र अग्निशमन सेवेचा परवाना असलेली एजन्सीच देऊ शकते. तेव्हा पुढच्या वेळी तुमचा माणूस आला की चहा द्या आणि परवान्याची प्रत मागा. प्रत निघाली तर उत्तम. "ती ऑफिसात राहिली" असं उत्तर आलं, तर चहापुरतंच आतिथ्य ठेवा. विमा असेल तर हे कागद आणि तुमची महिन्याची वही एकाच फायलीत ठेवा. आगीनंतर सर्व्हेअर येतो तेव्हा पहिला प्रश्न त्याचाच असतो.

रिफिल खरंच झालं का, हे ओळखायचा एक मार्ग मला आवडतो. ज्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट किंवा रिफिल आली आहे, ती नाहीतरी रिकामी करायचीच असतात. मग ती दुकानात न देता तुमच्या आवारात, मोकळ्या जागेत, कामगारांकडून रिकामी करून घ्या. पत्र्याच्या टपात थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवा आणि एकेकाच्या हातात सिलिंडर द्या. पिन ओढायची, सात-आठ फुटांवर उभं राहायचं, वारा पाठीशी ठेवायचा, ज्वाळेच्या शेंड्याला नाही तर बुडाला नेम धरायचा, दांडी दाबायची आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. सहा किलोचं सिलिंडर पंधरा सेकंदांच्या आसपास संपतं. बहुतेकांना वाटतं पाच मिनिटं चालेल. पहिल्यांदा संपतं तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात. सगळ्यात आधी आबांच्या हातात द्या.

पत्र्याखालच्या आपोआप फुटणाऱ्याबद्दल. ते सिलिंडर वाईट नाही, पण तुमच्या गंजीवर त्याचा उपयोग थोडा. आत पावडरच असते, म्हणजे धुमसणाऱ्या कापसाची अडचण तशीच. शेड उंच असेल तर वरपर्यंत उष्णता पोहोचेस्तोवर खाली गंजी निम्मी जाते. आणि त्याला जो काचेचा बल्ब असतो, त्याचा रंग विचारा. लाल बल्ब ६८ अंशांना फुटतो, पिवळा ७९ ला, हिरवा ९३ ला. छताखालच्या जास्तीत जास्त तापमानापेक्षा बल्ब साधारण तीस अंश वरचा हवा. मे महिन्यात दुपारी दोनला आपल्या पत्र्याला हात लावून बघा म्हणजे कळेल. लाल बल्ब लावला तर आग नसताना, नुसत्या उन्हाने, एखाद्या दुपारी सगळ्या रुईवर पावडर बरसायची भीती. लावायचंच असेल तर ऑइलच्या खोलीत वगैरे, पिवळा किंवा हिरवा बल्ब, आणि "मग बघायलाच नको" हे वाक्य सोडून.

वाळूच्या बादल्या आहेत का, ते लिहिलं नाहीत. असाव्यात, डिझेलजवळ. गोल बुडाच्याच घ्या. त्या जमिनीवर उभ्या राहत नाहीत, म्हणून कुणी पाणी भरायला पळवत नाही. बुड गोल ठेवणाऱ्याने माणूस चांगला ओळखला होता.

आग कशाने लागली ते तुम्ही लिहिलं नाही, मी विचारणारही नाही. कापसातून आलेला खडा रोलरमध्ये घासला, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणगी उडाली, कुणाची बिडी, काहीही असू शकतं. पण हंगाम आणि भरीत यांची गाठ मला माहीत आहे. थंडी पडली, बामणोदची वांगी आली, आवारात पऱ्हाटी आयतीच पडलेली. "इथेच भाजू" असं कुणीतरी म्हणतंच. भरीत घरी भाजा, नाहीतर शेतात. जिनिंगच्या कंपाउंडात वारा कुठून वाहील ते वांग्याला माहीत नसतं.

ते फुस्स झालेलं सिलिंडर अजून टाकू नका. स्वतः स्पॅनर लावू नका, आत दाब उरला असेल. परवानाधारक मेकॅनिककडून तुमच्यासमोर उघडून घ्या. आधी नळी, मग तळ. घट्ट पावडर निघाली की कुंभारणीची माती, ते मला नक्की कळवा.